गोर्दाच्या पोटातलं घर

सान हाकोबो, विस्काईनो वाळवंट
३ फेब्रुवारी १९६३

चि. एवारिस्तो यास,

तोमासाताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं नाताळचं पत्र आणि अंपारोने पाठवलेली शाल दोन्ही ट्रकवाल्याने नीट पोचवलं. शाल सुरेख आहे, पण रंग बघून शेळ्या बिचकतात. तिला हे सांगू नकोस.

आता मुद्द्याचं. गोर्दा टेकडी सरकत सरकत दाराशी आली. बाबा गेले तेव्हा ती कितीतरी लांब होती, आठवतं? आपण तिला जाडी म्हणून हसायचो. आता ती परसातल्या शेळ्यांच्या कुडापासून दहा पावलांवर उभी आहे. तिची चंद्रकोरीसारखी दोन्ही शिंगं घराच्या डावी-उजवीकडून केव्हाच पुढे निघून गेली आणि आम्ही मधल्या खोबणीत आहोत. मागचं दार उघडलं की समोर आभाळ नाही, नुसती वाळूची उभी भिंत, दोन माणसं एकावर एक उभी केली त्याच्याही दुप्पट उंच. माथ्यावरून कण सारखे घरंगळत असतात. पण एक गंमत सांगते. तिच्या आडोशाला वारा लागतच नाही. जन्मभर समुद्राकडच्या त्या वाऱ्याला शिव्या घातल्या, आणि आता अंगणात मेणबत्ती लावली तर ज्योत हलत नाही. पहिल्या दिवशी मी त्या ज्योतीकडे बघत बसले आणि मला रडू आलं. एवढी मोठी वस्तू आपल्याला गिळायला येते आणि येताना इतकी शांतता घेऊन येते.

तर तू महिनाभराची रजा काढून ये. घर भरायचं आहे. बाबांनी शिकवलं तसंच, दारं-खिडक्या काढून, प्रत्येक खोली वाशापर्यंत वाळूने ठासून. बाहेरून जेवढं दाबतं तेवढंच आतून दाबलं पाहिजे, हे त्यांचं बोलणं मी तुला सांगायला नको. वस्तीतल्या सामोरा बंधूंनी एकतीस साली घर न भरताच जत्रेला निघाल्यासारखं कुलूप लावलं होतं. टेकडी सरकून गेल्यावर त्यांना घराऐवजी मातीचा ढीग मिळाला. आपलं घर तसं जाऊ द्यायचं नाही. तीन-साडेतीन वर्षांनी गोर्दा पलीकडे उतरेल आणि मी पुन्हा माझ्या चुलीशी बसेन. तोवर शेजारच्या लोरेन्साने तिच्या पलीकडच्या खोपटात जागा दिली आहे. ती घोरते, पण माणूस चांगलं आहे.

लगेच निघ. माया आहे ती असू दे.

तुझी,
तोमासाताई

•

एन्सेनादा
१८ एप्रिल १९६३

ती. तोमासाताईस,

एवारिस्तोचा कृ. न. वि. वि. सुखरूप पोचलो. हाताला अजून घट्टे आहेत आणि कानातून अजून वाळू निघते. कारखान्यात मासळी कापताना सगळे मला म्हातारा म्हणून चिडवतात, कारण पाठ सरळ होत नाही. अंपारोने गादीवर चादर टाकायच्या आधी मला अंघोळीला पिटाळलं.

ताई, तू लोरेन्साकडे चूल हलवत होतीस तेव्हा मागची, बाबांची खोली मी एकट्यानेच उरकली, त्यामुळे तुझ्या पाहणीला वेळ मिळाला नाही. असो. मला राहूनराहून वाटतं, तू इकडे यावंस. गॅलरीतून समुद्र दिसतो. मुलं तुझ्या गोष्टींसाठी जीव टाकतात. तीन वर्षं एका टेकडीची वाट बघत दुसऱ्याच्या खोपटात बसायचं, हे कुणाला सांगितलं तरी लोक हसतात. मी हसत नाही, पण मला काळजी वाटते.

निघताना ट्रकच्या मागच्या फळीवर बसून पाहिलं. कूड पुरता गेला होता आणि वाळू मागच्या भिंतीला टेकली होती. आवाज नाही, घाई नाही. मला इतकं लहान वाटलं की बाबांचा हात धरावासा वाटला. सत्तेचाळिसाव्या वर्षी!

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
एवारिस्तो

•

सान हाकोबो
२ डिसेंबर १९६४

चि. एवारिस्तो यास,

आशीर्वाद. वि. वि. घर दिसेनासं होऊन वर्ष उलटलं. शेवटी धुराड्याचं तोंड राहिलं होतं. एका सकाळी गेले तर तेही नव्हतं. मी कुठे उभी राहू तेच कळेना.

तेव्हापासून रोज धुकं विरायच्या आत मी गोर्दावर चढते. धुक्याने वाळू ओलसर असते, पाय रुतत नाही. वाऱ्याच्या बाजूची चढण इतकी सोपी आहे की लोरेन्साही येते, धापा टाकत आणि मला वेडी म्हणत. वर बसलं की वायव्येला तिच्या मागून येणाऱ्या सगळ्या टेकड्या दिसतात. मी नऊ मोजल्या. प्रत्येकीची तीच चंद्रकोर, प्रत्येकीची शिंगं आमच्याकडे. कुणी कुणाच्या पुढे जात नाही. रात्रभर वारा सुटला की सकाळी तिच्या अंगावरच्या वळ्या नव्या असतात, माझी कालची पावलंही पुसलेली. पण ती मात्र तीच. एकेक कण माथ्यावरून पलीकडे टाकत ती स्वतःलाच उचलून पुढे नेते. हे घडवणाऱ्यापुढे गुडघे टेकावेत असं वाटतं, आणि मी टेकते. लोरेन्साला सांगते की दम लागला.

घर माझ्या खाली आहे हे मला ठाऊक असतं. बाबांची खोली पहिली आत गेली, तीच पहिली बाहेर येईल. मी ठरवलं आहे, ती मोकळी झाली की पहिली झोप तिथेच, त्यांच्या पलंगावर. पुढच्या वर्षीच्या लिंपणाला लागणाऱ्या चुन्यासाठी आणि गवताच्या काडीसाठी आत्तापासून सांगून ठेवते आहे. लोक हसोत.

मुलांना पापे. तुझ्या बायकोला सांग, शाल आता शेळ्यांना आवडते.

तुझी,
तोमासाताई

•

एन्सेनादा
९ जानेवारी १९६५

ती. तोमासाताईस,

कृ. न. वि. वि. हे पत्र चार वेळा फाडून लिहितो आहे.

बाबांची खोली मी भरली नाही.

टोपली घेऊन आत गेलो होतो. पलंग तसाच होता. उशीला त्यांच्या डोक्याचा खळगा, खुंटीला हॅट. पहिली टोपली पलंगावर ओतायची होती. माझ्याच्याने झालं नाही, ताई. त्यांना पुरताना मी मूठभर माती टाकली होती, आता पुन्हा टोपलीने टाकायची? खिडकीवर फळ्या ठोकल्या, दाराला कडी-कुलूप घातलं आणि तुला सांगितलं की उरकली. ती खोली आत पोकळ आहे. बाबांचा नियम मोडला आणि मोडला तोही बाबांसाठीच.

पावणेदोन वर्षं गप्प राहिलो. पण तू रोज वर चढतेस हे वाचून माझी झोप उडाली. खाली छत कोसळलं तर वरची वाळू गिळून टाकेल तुला. हात जोडून सांगतो, गोर्दावर पाऊल ठेवू नकोस. आणि घराची आशा सोड. ती भिंत पडली तर चुलीची भिंतही ओढून नेईल. मी येऊन तुला घेऊन जातो. माझ्यामुळे तुझं घर गेलं, निदान माझ्या घरात ये.

रागाव, पण उत्तर दे.

तुझा अपराधी,
एवारिस्तो

•

सान हाकोबो
३० जानेवारी १९६५

एवारिस्तो,

पत्र मिळालं.

बाबांनी चाळीस वर्षांत या वस्तीतली सहा घरं भरून दिली. शेजाऱ्यांच्या मधुचंद्राच्या खोल्या भरल्या, पाळणे काढून भरल्या, आणि कुणाच्या रडण्यासाठी कधी थांबले नाहीत. त्यांच्याच मुलाने त्यांच्याच खोलीला कुलूप घातलं. टेकडीला खुंटी आणि हॅट कळत नाही. तिला एवढंच कळतं की आत काही आहे की नाही.

मला न्यायला येऊ नकोस. मी तुझ्या गॅलरीत बसून समुद्र बघणार नाही. वर चढायचं की नाही ते माझं मी बघेन. मला आता लिहायचं नाही.

तोमासा

•

एन्सेनादा
२० डिसेंबर १९६५

ती. तोमासाताईस,

कृ. न. वि. वि. हे सातवं पत्र. पहिल्या सहांना उत्तर नाही. ट्रकवाला सांगतो की तू ठणठणीत आहेस, त्याच्याशी हुज्जत घालतेस आणि रोज सकाळी गोर्दावर दिसतेस. तेवढ्यावर मी दिवस काढतो.

अंपारो म्हणते, मी जाऊन पायाशी बसावं. मी तिला म्हटलं, ताईचे पाय वाळूत असतात, दिसायचे नाहीत. ती हसली, मला हसू आलं नाही. एक ओळ लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझा,
एवारिस्तो

•

सान हाकोबो
१४ जून १९६६

चि. एवारिस्तो यास,

तोमासाताईचे आशीर्वाद. वि. वि. गोर्दा गेली.

गेल्या उन्हाळ्यात वाशांची टोकं दिसली होती. मग महिन्याला वीतभर, दोन वीत. मी कुणाला हात लावू दिला नाही, वारा जेवढं उकरेल तेवढंच. काल चुलीचा उंबरा मोकळा झाला. तिची शेपटी आता अंगणापलीकडे आहे आणि इथे पुन्हा तो मेला वारा सुटला आहे. तिच्या पाठीकडून पाहिलं तर वाटतं, ही बाई इथून गेलीच नसेल, इतकी ती निर्विकार. तिने आपल्याला काही केलं नाही. ती नुसती वरून चालत गेली. एवढं मोठं काही आपल्यावरून चालत जातं आणि आपण शिल्लक उरतो, याचं मला अजून भान येत नाही. मी उंबऱ्यावर दिवसभर बसून होते.

चूल आणि पुढची खोली उभी आहे. भिंतींना तडा नाही, वाशांना कीड नाही, आतली वाळू दगडासारखी बसली आहे. लोरेन्साने आणि मी पहिल्या पंचवीस टोपल्या काढल्या. बाबांची खोली गेली. मागची भिंत आत झोपली, छत तिच्यावर. पलंगाचा एक पाय वर आला आहे. मधली भिंत मात्र टिकली, चुलीच्या बाजूने ठासलेली होती म्हणून.

आता माझं ऐक. तू गेलास त्या संध्याकाळी मी घर पाहायला गेले होते. बाबा जायचे तशी, खोली खोली करून. मागच्या दाराला कुलूप दिसलं. फटीतून पाहिलं, पलंग, खुंटी, सगळं मोकळं. काय झालं ते तेव्हाच कळलं. हातात हातोडा होता. कुलूप तोडायला एक घाव पुरला असता, लोरेन्साच्या दोन भावांना बोलावलं असतं तर दोन दिवसांत खोली भरली असती. वाळू तेव्हा जेमतेम भिंतीला टेकली होती. मी हातोडा उचलला, आणि खाली ठेवला. माझ्याच्यानेही झालं नाही. मग दाराला डोकं टेकून बाबांना शुभ रात्र म्हणून निघून आले.

तुला बाबांच्या पलंगावर झोपायचं लिहिलं ते मला काही ठाऊक नाही असं भासवण्यासाठीच लिहिलं. वाटलं, तू लपवतो आहेस तर मीही लपवेन. आणि तुझं खरं आलं तेव्हा लाज वाटली म्हणून तुझ्यावर भडकले. ते सगळं बोलणं मला स्वतःला होतं. पत्र तुझ्या नावाने टाकलं एवढंच. दीड वर्ष तुला पत्राविना उपाशी ठेवलं, त्याची क्षमा माग म्हणून बाबा कानाशी बसले आहेत, म्हणून मागते.

विटा पाडायला माती भिजवली आहे. माती माझ्या एकटीच्या हाताचं ऐकत नाही. रजा मिळाली तर बरं, नाही मिळाली तर कारखान्याला सांग की बाबांची खोली पुन्हा बांधायची आहे, आणि ती पाडली दोघांनी.

ये. वाट बघते आहे.

तुझी,
ताई