चाव्याविना जानेवारी

१ फेब्रुवारी, शनिवार

जानेवारीत एकही चावा नाही, एकही ओरखडा नाही! कुत्र्यामांजरांचा हा निवारा सुरू झाल्यापासून असा महिना पहिलाच. फळ्यावर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं. कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांना दुपारनंतर सुट्टी, त्याआधी राजापेठेतून मागवलेला गिला वडा. जनावरांना खाऊ घालणारे देवराव तर हात न पुसताच अकोल्याच्या बसला पळाले, संध्याकाळी त्यांच्या मुलीला पाहायला येणार होते.

अट माझीच: एकालाही लागलं तर सुट्टी कुणालाच नाही. म्हणजे सगळे एकमेकांना जपतील.

आनंद व्हायला हवा. होत नाही. रस्त्यावरून उचललेली घाबरलेली जनावरं, आणि महिनाभर कुणालाच काही नाही?

२ फेब्रुवारी

आई म्हणते, तुला चांगलं झालेलं सोसतच नाही. असेलही.

३ फेब्रुवारी, सोमवार

मंजुषा परत हातमोजे काढून कुत्र्याला गोळी देताना दिसली. म्हणे, मोज्यातून बोटाला कळत नाही, गोळी गेली की गालात राहिली. पोळीत गुंडाळून दे म्हटलं. ती हसली. तिच्या मते पोळी खातात, गोळी थुंकतात.

कर्मचाऱ्यांना रेबीजची इंजेक्शनं आधीच द्यावीत, हे मी ट्रस्टच्या बैठकीत दोनदा मांडलं. दोन्ही वेळा पुढच्या बैठकीवर गेलं. तिसऱ्यांदा भांडायला हवं होतं. फळा रंगवणं सोपं होतं, ते केलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शकुनमावशी एका हाताने भांडी घासत होत्या. दुसऱ्या मनगटाला फडकं. विचारलं तर म्हणे तव्याचा चटका. सोडून पाहिलं — हळद आणि चुना, खाली दातांच्या खुणा. भुरीच्या. वलगाव रस्त्यावरून आणलेलं ते कुत्रीचं तांबूस पिल्लू. दोन पिल्लांना एकाच ताटलीत वाढलं, त्यांची जुंपली, मावशींनी मध्ये हात घातला. गेल्या आठवड्यातच.

नळाखाली धरून साबणाने हात धूत राहिले. ओरडलेही. सगळ्यांसमोर. रिक्षात बसल्यावर मावशी म्हणाल्या, "मी सांगतलं असतं तं देवरावची सुट्टी गेली असती. पोरीले पाहाले लोक येऊन राहिले, अन् बाप इथं कुत्र्याले भाकर टाकून राहिला, बरं दिसते काय?"

मी म्हटलं, जीव गेला असता तर?

"तुमी तं म्हणलं होतं ना ताई, एकाले लागलं का सगळ्याईचं जाते."



सरकारी दवाखान्यात जखमेभोवती टोचलं, दंडातही टोचलं. डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, लगेच का नाही आणलं. मी म्हटलं, आजच कळलं. खरं आहे. तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं. कळू नये अशी व्यवस्था कुणी केली होती?

५ फेब्रुवारी

भुरीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. सकाळी दूध पितेय. दर तासाला जाऊन बघतेय. तिच्याकडे कमी, तिच्या वाटीकडे जास्त.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वाटी भरलेली. लाळ. आवाज बसल्यासारखा, मागचे पाय लटपटतात. कुणीही जाळीत हात घालायचा नाही, सांगितलं. पशुवैद्यकांनी जाळीबाहेरूनच पाहिलं.

मावशी मात्र येऊन थट्टा करून गेल्या. "मले काई होत नाई ताई, माह्या सासूनं याहून जास्त चावे काढले." सगळे हसले. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन बसले.

इंजेक्शनं उशिरा सुरू झाली. उशिरा म्हणजे किती उशिरा? डॉक्टरांना दोनदा फोन केला. आता तेच "काळजी नको" म्हणतात, तर त्याचीही काळजी.

८ फेब्रुवारी, शनिवार

भुरी पहाटे गेली. रेबीजच्या तपासणीला नमुना पाठवला. निकालाची वाट बघायची नाही. ज्याला ज्याला काही लागलंय त्याने आजच दवाखाना, असं डॉक्टरांनी बजावलं.

सगळ्यांना अंगणात बोलावलं. फळा त्यांच्यासमोर पुसला. म्हटलं, कुणाची सुट्टी जाणार नाही. भुरीचं असो, दुसऱ्या कुणाचं असो, नुसतं नख असो — दाखवा.

कुणी हलेना. मग देवरावांनी बाही वर केली. मग मंजुषाने हाताला गुंडाळलेली ओढणी सोडली. मग रखवालदार शेषरावांनी विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत.

एका रिक्षात मावत नाहीत.