विमानातलं गाऱ्हाणं

ती. कमलवन्सं यांना शेवंतीचा वाकून नमस्कार.

तुमचा खोकला बसला का? ओव्याची धुरी घेत जा, आणि भावोजींना उन्हाचं बागेत जाऊ देऊ नका. आम्ही सगळे बंगळुरात सुखरूप पोचलो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि इथे मला मोठ्याने बोलता येत नाही. (जरा आवाज चढला की शेजारची बाई बेल वाजवते आणि हसत हसत इंग्रजीत रागावते.)

आता विमानाची हकिकत. आपली श्रुतिका पाच वर्षांची झाली, आणि तिला वळण लावायचं काम सूनबाईंनी मोबाइलवर बघून चालवलं आहे. पोरावर ओरडायचं नाही, हात तर उचलायचाच नाही, समोर गुडघे टेकून डोळ्यांत बघून समजवायचं. (तुमच्या भाच्याला मी असं समजावत बसले असते तर सुशांत अजून दुसरीतच असता.) विमानात काय काय करायचं नाही हे अपूर्वाने पोरीकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. पुढच्या खुर्चीला लाथ मारायची नाही, चिप्स सांडायचे नाहीत, रडायचं तर नाहीच नाही. पोर अगदी गुणाची बसली. विमानाचं दार लागलं तशी तिने विचारलं, "आजी, गाऱ्हाणं कोण घालणार?"

तुमचे भाऊ कसे होते तुम्हाला ठाऊक आहे. पोर बालवाडीत निघाली तरी जिन्याखाली हात जोडून उभे, गावच्या देवाला हाक मारून तिची राखण कर म्हणायचे, आणि आम्ही सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. घाटकोपरला आमच्या भटवाडीतले शेजारी ब्रश तोंडात धरून 'व्हय' म्हणायचे. शिमग्यात ते गेले, आणि घाटकोपर सोडून कायमचं निघताना गाऱ्हाण्याचं कुणी नावच काढलं नाही. मला आठवलं होतं, वन्सं. पण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं, म्हणून मी आपली बॅगांच्या चेनी ओढत बसले.

सुशांत म्हणाला, "नंतर घालू हां, बाळा." झालं! पोरीने पट्टा काढला, खुर्चीवर उभी राहिली आणि भोकाड पसरलं, "आजोबांनी गाऱ्हाणं नाही घातलं, विमान पडणार!" असं वाक्य जिथे बोलू नये त्याच जागी ती बोलली. एका बाईंनी पर्समधून जपमाळ काढली. हवाईसुंदरी रंगीत खडू घेऊन धावली. अपूर्वा समजवायला गुडघे टेकून खाली बसली ती दोन खुर्च्यांच्या मध्येच अडकली. पुढचे एक गृहस्थ मान वळवून म्हणाले, "आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा." मला असा राग आला! पोर हट्ट करत नव्हती हो, भेदरली होती. ज्यांच्या भरवशावर ती घराबाहेर पडायची, तेच नव्हते.

शेवटी मीच उठले. (पट्टा सोडायचा राहिला होता, त्यामुळे परत बसले. मग बसूनच हात जोडले.) आपल्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत हे मला कळतं, पण गाऱ्हाणं घालायला विमानात गावकार कुठून आणू? म्हटलं, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां घर सोडून दूर निघाली आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा!" पोर हुंदके देत "व्हय म्हाराजा!" म्हणाली. आणि तिच्यापेक्षा मोठ्याने म्हणाले ते धपाटेवाले गृहस्थ! वेंगुर्ल्याचे निघाले. मग मागून दोघे-तिघे आणखी. मला काय झालं कोण जाणे, जीभ थांबेचना. म्हणून गेले, "आणि ह्या म्हातारेक घाटकोपरच्या घरात परत नेऊन सोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे दणकून म्हणाले. पोरही म्हणाली. एकटा सुशांत मात्र खिडकीबाहेर बघत राहिला.

पोर पट्टा लावून झोपली. उतरताना त्या जपमाळवाल्या बाईंनी अपूर्वाचं कौतुक केलं, किती छान समजावलंत म्हणून. तीही थँक्यू म्हणाली. मला वन्सं, ते फार आठवतात. इथल्या घरात त्यांची बसायची जागाच नाही.

तुमची,
शेवंती

ता. क. : सुशांत घाटकोपरची खोली भाड्याने देणार आहे. मला त्याच्याशी बोलायचा धीर होत नाही. म्हणून एक करा, तुम्ही आजारी पडा. गुडघा धरलाय, आईला धाडून दे, असा त्याला फोन करा, ऐकायला भावोजींना बसवा. (फार मोठं दुखणं सांगू नका, तो मुंबईचा डॉक्टर शोधेल.) तुमच्या गावाहून मी परस्पर घाटकोपर गाठीन, मग बघू कोण हलवतो ते.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत पत्र पुन्हा उघडून लिहिते. श्रुतिका इथे आल्यापासून माझा पदर मुठीत धरून झोपते. आज विचारत होती, "देव तुला घाटकोपरला नेणार, मग मला कोण झोपवणार? मी पण 'व्हय' म्हटलं ना गं, ते आता पुसता येतं का?" तिला कुशीत घेऊन नुसती थोपटत राहिले. तेव्हा वन्सं, फोन करू नका. तुमचा गुडघा तूर्त बरा राहू दे.