हाडांचा सर्जन की नसांचा

ती. आईस,

तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार, तोही मनातूनच, कारण सध्या वाकायला बंदी आहे.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांच्या सांगण्याप्रमाणे पाठीसाठी दोन्ही सर्जनना भेटून आले.

नसांचे सर्जन फोटो बघून म्हणाले, "मणक्यातली गादी नस दाबते आहे. ऑपरेशन मी करीन किंवा हाडांच्या बाई करतील, दोघांनाही ते येतं." चांगले वाटले गं, पण माझा घोळ होता तिथेच राहिला.

बाईंनी फोटो बाजूला ठेवले. "चपला काढ आणि टाचांवर चालून दाखव, पोरी." मी चार पावलं टाकली. "उजवं पाऊल वर उचलत नाहीये. घरी सांगितलंस?" मी चपला शोधू लागले.

तू म्हणतेस ना, जो शिंपी आधी माप घेतो, त्याच्याकडे कापड टाकावं. मी बाईंना हो म्हटलं. असली ऑपरेशनं त्या नेहमी करतात ना, हेही विचारून घेतलं. महिनाअखेरीची तारीख मिळाली आहे.

ताईचं बाळ रांगायला लागलं का? दादाला म्हणावं, मला म्हातारी म्हणून चिडवायला आता हरकत नाही.

मी फोन टाळते म्हणून रागावू नकोस. पडद्यावर दिसले की तू म्हणणार, "ऊठ, जरा चालून दाखव." मग पायातून निसटणारी चप्पल तुझ्या नजरेतून सुटणार नाही.

'येऊ नकोस' असं लिहायला बसले होते. लिहवत नाही. ये.

तुझीच,
धाकटी