पाच ते सहाची शांतता

प्रिय बाबूजी,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. उद्या तुमचं वर्षश्राद्ध. त्यासाठी मी चार दिवसांपूर्वी उमरेडहून माहेरी आले, आणि आतल्या खोलीच्या दाराशी टेकवून ठेवलेल्या संगमरवरी पाटीसमोर बसून हे लिहिते आहे. पाटी तुमच्या कंपनीतल्या ढोमणे काकांनी करून आणली. तिच्यावर कोरलंय, ‘याच खोलीत पूज्य बाबूजींना आत्मशांती लाभली.’ उद्या सकाळी गुरुवारची सगळी मंडळी येतील, खोलीत तुमच्या पादुका ठेवतील आणि ही पाटी भिंतीत बसवतील.

तुम्हाला काही लाभलं नव्हतं, हे फक्त मला ठाऊक आहे. तुम्ही मला सांगितलंत आणि मोकळे झालात. आता मी काय करू?

हे सगळं कुठून सुरू झालं ते आईने मला किती वेळा सांगितलंय. कुहीला आजीला अग्नी देऊन आलात, आणि दुसऱ्या दिवशी जेवता जेवता तिला म्हणालात, “जेवलो, झोपलो, कामावर गेलो. एवढंच आहे का वं?” आईने विचारलं, आणखी भात वाढू का. ती हे हसत सांगते. तुम्ही मात्र तेव्हा हसला नव्हतात म्हणे.

मग भजनी मंडळ झालं. एका महाराजांचा अंगारा महिनाभर खाऊन झाला. एकभुक्त राहून पोट बिघडवून घेतलंत. शेवटी हुडकेश्वरला दोन खोल्या बांधल्या, तेव्हा आजूबाजूला नुसती शेतं होती, आणि आतली खोली तुमची झाली. पहाटे पाच ते सहा ध्यान, दार बंद. आत गोणपाटाचं आसन आणि तुम्ही. मग आंघोळ, डबा, आणि हिंगण्याला जाणारी कंपनीची बस.

त्या एका तासात आम्ही काय करत होतो, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आम्ही गप्प बसत होतो! आई बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून घ्यायची. पंपाच्या स्टोव्हचा आवाज होतो म्हणून तो तिने अंगणात नेला. थंडीत, पावसात, छपरीखाली बसून ती तुमचा चहा आणि डब्याच्या पोळ्या करायची. मला खोकला आला की उशीत तोंड खुपसायचं, असा नियम होता.

बारा वर्षांची असताना उकळतं पाणी माझ्या पायावर सांडलं. आठवतं का? कसं आठवेल. आईने आधी माझ्या तोंडावर हात दाबला आणि मग पायावर गार पाणी ओतलं. सहा वाजता तुम्ही बाहेर आलात, माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि आंघोळीला गेलात. मला वाटलं, तुम्ही कुठल्या तरी फार उंच जागेवरून खाली आला आहात. पाय दाखवायचं धाडस झालं नाही.

लोकांनाही तसंच वाटत होतं. बसमध्ये सगळे गप्पा मारत, पत्ते कुटत, आणि तुम्ही डोळे मिटून बसलेले. हाक मारली तरी वळत नव्हता. घरीही तुमचं एकच, समोर येऊन बोल. एकदा ढोमणे काकांनी भावाशी चाललेलं भांडण हिंगण्यापर्यंत तुमच्या कानात ओतलं. तुम्ही काही न बोलता त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. त्यांना रडू आलं, आणि त्या संध्याकाळी ते भावाकडे जाऊन जेवून आले. झालं! पुढच्या गुरुवारी ते नारळ घेऊन आले, त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी सहा जण. तुम्ही त्यांच्याकडे बघून हसायचात, हात वर करायचात.

मी खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. वस्तीत मी बाबूजींची बेबी होते. प्रसाद आधी माझ्या हातावर पडायचा.

मग गेल्या वर्षी तुम्हाला चक्कर यायला लागली आणि आम्ही तुम्हाला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि आम्हालाच रागावले. म्हणाले, बारा-पंधरा वर्षांपासून यांना जवळजवळ ऐकू येत नाही, तुम्ही घरात राहता की आणखी कुठे? इतकी वर्षं कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर उभं राहून तुमचे कान गेले होते. कंपनी घरी बसवेल म्हणून तुम्ही ते लपवलंत, ओठ बघून बोलणं ओळखायला शिकलात. नंतर मंडळी पाया पडायला लागली, आणि सांगायची वेळ निघून गेली.

 घरी आल्यावर आईने अंगणातला स्टोव्ह उचलून आत आणला, ओट्यावर ठेवला आणि भरभरून पंप मारला. बाबूजी, त्या दिवशी मला तुमचा फार राग आला. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं, तर आम्ही कुणासाठी गप्प होतो? माझ्या तोंडावर हात कुणासाठी ठेवला गेला?

हे तुम्हाला विचारायचंच, असं ठरवून मी दुपारी तुमच्या समोर येऊन बसले. तुम्ही माझ्या ओठांकडे बघितलंत आणि मी बोलायच्या आधीच म्हणालात, “बेबी, मले काही भेटलं नाही वं. डोये मिटले का प्रेसच चालते कानात. धाड धाड. एक दिवस बंद नाही झाली.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी विचारलं, मग रोज बसत काहून होते?

“उद्या भेटन, असं वाटे,” तुम्ही म्हणालात. आणि मग, “ढोमणेले सांगजो. मले नाही जमलं त्याले सांगणं.”

मी हो म्हटलं. तुम्ही गेलात, तेराव्याला ढोमणे काका लहान मुलासारखे रडत होते, आणि मी काही बोलले नाही. कसं बोलणार होते? तुमच्यासारखं पहाटे बसता यावं म्हणून काकांनी सुपरवायझरची जागा नाकारली. त्यांना काय सांगू, की तुमचे गुरू बहिरे होते? आणि खरं सांगायचं तर बाबूजींची बेबी हे नाव माझ्याकडूनही सुटेना. वर्षभर मी गप्प बसले. घराचं वळणच ते!

परवा काका पाटी घेऊन आले. मंडळींनी ठरवलंय म्हणाले, या घरात पाच ते सहाची शांतता कायम पाळायची, वहिनी स्टोव्ह पूर्वीसारखा बाहेर नेतील. आई स्टोव्हच्या पितळेवरून फडकं फिरवत राहिली.

जाताना काका दारात थांबले. आई आत गेली आहे हे बघून मला हळूच म्हणाले, “बेबीताई, नऊ वर्षं झाले, बसून राहिलो. बाबूजींले भेटलं, मले काहून नाही भेटून राहिलं? माह्यातच खोट असन.”

बाबूजी, मला वाटत होतं, मी गप्प राहून त्यांना जपते आहे. आणि तो भला माणूस रोज पहाटे उठून स्वतःलाच दोषी ठरवत होता. तुम्हाला हे दिसत होतं, म्हणूनच सांग म्हणालात ना?

तर हा माझा शब्द. उद्या मंडळी यायच्या आधी मी काकांना तुमच्या खोलीत नेईन, दार लावीन आणि सगळं सांगेन. कानांचं, प्रेसचं, आणि ‘उद्या भेटन’ हेही. ते चिडतील. कदाचित पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत. मला भीती वाटते आहे, पण सांगेन. ही पाटी भिंतीत बसणार नाही. काकांना हवं असेल तर तुमचं गोणपाटाचं आसन त्यांना देईन. त्याच्यावर बसलेल्या माणसालाही काही मिळालं नव्हतं, आणि तरी तो दुसऱ्या दिवशी बसला, हे त्यांना ठाऊक असलेलं बरं.

आणि उद्या पहाटे पाच वाजता आई ओट्यावर स्टोव्ह पेटवील. तिला मी तसं सांगून ठेवलंय. तुमचे कान आता बरे झाले असतील, ती प्रेस थांबली असेल, तर ऐका. आमचं घर पाच वाजता असं वाजतं.

तुमची,
बेबी