लाल झालं का?

आत्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही होतात तोवर मलाही येत नव्हतं. पुढे किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले, आता वाचनालयातून पुस्तकं आणते. पण सासूला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं.

तुमच्या नातसुनेला टीबी झालाय. नातू पुण्याला कामावर, इथे नांदेडला आम्ही दोघीच. दवाखान्यातून तिला गोळ्यांचा एक डबा मिळाला आहे. सकाळी तो आपोआप वाजतो, झाकण उघडलं की गप्प होतो, आणि उघडल्याची नोंद परस्पर दवाखान्यात जाते. कुणी दारात येऊन ओरडत नाही, गल्लीला काही कळत नाही. पेपरात या डब्याचं कौतुक आलं होतं. गरीब देशांना असेच स्वस्त, नवे उपाय तारतील, असं लिहिलं होतं. वाचताना वाटलं, माझ्या वेळी हा डबा असता तर तुमच्या तोंडातून मी सुटले असते.

निलंग्याकडचं आपलं घर. मी नवी सून, खोकून खोकून बरगड्या दुखतायत. चुलीपुढे तुम्ही, हातात गोळी. "गिळ. जीभ दाव. वर कर की, दातं कशाला दावतीस?" नर्सबाईंनी तुम्हाला सांगितलं होतं, गोळी पोटात गेली की लघवी लाल होते, तेवढं विचारत जा. विचारत जा म्हणाल्या होत्या त्या, बोंबलत जा नव्हे. मी न्हाणीत गेले की तुम्ही अंगणातून हाक द्यायच्या, "लाल झालं का गं?" आणि भिंतीपलीकडून शेजारची म्हातारी, "तुझी सून हाय का रंगारीण?" सगळी आळी हसायची. पुढे बायका माझ्या हातचं पाणी घेईनात. मी बरी झाले, अंगावर मांस चढलं, पण ते हसणं काही कानातून गेलं नाही.

मग तेच दुखणं तुमच्या लेकाला झालं. तेव्हा तुमचा आवाज कुठे गेला होता, आत्या? आळीत सांगितलंत, "दमा हाय त्याला." सकाळी ते दाळ मिलला निघतायत आणि तुम्ही गोळ्या कागदात गुंडाळून त्यांच्या हातात देताय. "जेवल्यावर घे बरं का, बाबा." ते "हाव, घेतो" म्हणून पुडी खिशात टाकतात. गडीमाणसाला जीभ दाव कसं म्हणायचं? ते वारल्यावर त्यांचे मिलचे शर्ट तुम्ही धुवायला काढले. दगडावर पाणी पडलं आणि एका खिशातून लाल ओघळ निघाला. मग दुसऱ्या शर्टाच्या खिशातून. मी बादली घेऊन मागे उभी होते. तुम्ही वळून पाहिलं नाही. त्यानंतर तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नाहीत, आणि ते मला जास्त जड गेलं.

परवा दवाखान्याचा माणूस आला. मोबाईल दाखवून म्हणाला, "मावशी, तुमच्या सूनबाईंचं एक नंबर काम आहे. सगळं हिरवं दिसतंय."

"हिरवं तर शेवाळ बी असतंय," मी म्हणाले. "तिचा खोकला का जाईना?"

"डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडं तर एक दिवस चुकलेला न्हाई."

तो गेल्यावर ती भाकरी थापत होती. मी सहज विचारलं, "लाल होतंय ना गं?"

ती म्हणाली, "काय लाल?"

आत्या, मी तवा खाली उतरवला आणि तिच्याकडून सगळं वदवून घेतलं. ती रोज झाकण उघडत होती, गोळी काढत होती आणि मोरीत टाकत होती. गोळीने उलटी होते. शिलाईच्या दुकानात उलटी झाली की सगळ्यांना कळेल, काम जाईल. "डबा वाजायचा थांबतो की," ती म्हणाली. "तो कुठं विचारतो?" मी तिला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी उलटीवर औषध दिलं, पुन्हा तपासणी लावली. एवढ्या दिवसांत दुखणं किती वाढलं, ते अजून सांगत नाहीत. माझं डोकं त्या डब्यावर फिरलंय, पेपरवर फिरलंय, आणि सगळ्यात जास्त तुमच्यावर. मला जगवायला तुम्ही माझी लाज काढलीत, आणि लेकाची लाज राखायला त्याला घालवलंत.

आज दुकानाला सुट्टी. सकाळी डबा वाजला. मी समोर बसले. "जीभ दाव." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला चुलीपुढची मीच दिसले. दाखवली. दुपारी ती न्हाणीघरात गेली, मी दाराशी उभी राहिले. शेजारीण बाहेर धुणं वाळत घालत होती. आधी हळूच विचारलं. आतून आवाज नाही. मग तुमच्याच आवाजात ओरडले, "लाल झालं का गं?"

शेजारणीचा हात दोरीवरच थांबला.

"झालं!" आतून ती किंचाळली. बाहेर आली ती माझ्याशी न बोलता निघून गेली.

हा कागद कुठे पाठवणार? पिठाच्या डब्याखाली घालते. एक मात्र लिहायचं राहिलं. जीभ पाहून झाली की तुम्ही तिच्यावर गुळाचा खडा ठेवायच्या, रोज. तुमच्या ओरडण्याच्या गोष्टी मी सुनेला कितीदा सांगितल्या. गुळाचं कधी सांगितलं नाही.