चव घ्यायची, गिळायचं नाही

३ मार्च, सोमवार
कोलेस्टेरॉल वाढलंय. माझं! बिस्किट कारखान्यातली सगळ्यात भरवशाची जीभ ज्याच्या तोंडात आहे, त्याचं. कारखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाईट प्रकारचं वाढलंय, चांगलं कमी आहे. एप्रिलमध्ये पुन्हा तपासू. उतरलं नाही तर मला चव विभाग बंद, बदली खोके विभागात. मी शांतपणे म्हटलं, बघाच तुम्ही. मग बाहेर येऊन जिन्यात बसलो. खोक्यांना चव नसते.

आजपासून लोणी, साय, तळण बंद. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

४ मार्च, मंगळवार
बायकोने फारच मनावर घेतलं. घरातलं लोणी शेजारणीला देऊन आली. आता उकडलेला कोबी, डाळ आणि ओट्स. तीही तेच खाणार म्हणे. खरं तर तिला लोणी माझ्याहून जास्त आवडतं. म्हटलं, तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस? तर म्हणाली, मी तुमच्यासमोर चापून खाल्लं तर तुम्हाला धीर निघेल का? भाबडी आहे. माझा निश्चय अजून पाहिला नाही तिने.

६ मार्च, गुरुवार
विभागाचा नियम: बिस्किट चावायचं, जिभेवर घोळवायचं, वाडग्यात थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची. डॉक्टरीणबाईंना मी हेच सांगितलंय. पण लोण्याच्या बिस्किटाची खरी चव घशापाशी कळते. थुंकणाऱ्याला ती कशी कळणार? शेजारच्या खुर्चीवरची चष्मेवाली इमानेइतबारे थुंकते. म्हणून तर अजून खाऱ्या बिस्किटांवर आहे.

शिवाय हे खाणं नव्हे. ड्युटी आहे.

९ मार्च, रविवार
सुट्टी, म्हणजे ड्युटी नाही. दिवसभर चिडचिड. बायकोने विचारलं, पथ्याचा फार त्रास होतोय का? हो म्हटलं. पाठीवरून हात फिरवला तिने. बरं वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार
मोठा शोध! दवाखान्यातल्या पत्रकात छापलंय की ओट्समधला चोथा कोलेस्टेरॉल धरून बाहेर नेतो. म्हणजे आधी त्याला धरायला काहीतरी दिलं पाहिजे. नाहीतर बिचारा रिकाम्या हाताने जाणार. दिवसभर लोण्याच्या बिस्किटांची खेप नीट, अगदी घशापर्यंत तपासली. रात्री वाडगाभर ओट्स. याला म्हणतात शास्त्रोक्त आहार.

२२ मार्च, शनिवार
पत्रकात अक्रोडही चांगले म्हटलेत. आमच्याकडे क्रीमच्या बिस्किटाचा नवा प्रकार आलाय, वर अक्रोडाचा तुकडा. आरोग्यासाठी बरेच तपासले.

बायकोचे कपडे सैल झालेत. माझा पट्टा मात्र आखडलाय. चामडं हवेने आखडतं.

२ एप्रिल, बुधवार
सकाळी बायको हसत सांगत होती, स्वप्नात लोणी आलं होतं. मला हसू आलं नाही. आजपासून शंभर टक्के थुंकणार. शपथ.

संध्याकाळी: जेवणाच्या सुट्टीपर्यंत थुंकलो. मग एका खेपेला करपट वास आहे की काय, अशी शंका आली. अशी शंका वाडग्यात फिटत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
उपाशीपोटी रक्त दिलं. काल शेवटची संधी म्हणून ड्युटी जरा सढळ हाताने केली. एका दिवसाने काय होतंय?

१६ एप्रिल, बुधवार
वाढलं. आधीपेक्षाही. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. चव विभाग तर थुंकतो, म्हणजे दोष घरच्या जेवणाचा, असं त्यांनी धरलं. उद्या बायकोला घेऊन या म्हणाल्या. मी खरं सांगणारच होतो. तेवढ्यात चष्मेवाली सर्दीची गोळी मागायला आत आली आणि राहून गेलं.

१७ एप्रिल, गुरुवार
डॉक्टरीणबाईंनी माझ्यादेखत बायकोला झाडलं. म्हणाल्या, लाड करून करून नवऱ्याचा जीव घ्याल. बायको माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे. फार माहितीपूर्ण चित्र आहे. वाट पाहून पाहून तिनेच बाही वर सारली. म्हणाली, मीही तेच खाते, माझंही रक्त काढा.

२१ एप्रिल, सोमवार
तिचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतका चांगला रिपोर्ट अख्ख्या कारखान्यात कोणाचा नाही. तिची माफी मागितली. मग रिपोर्ट बाजूला ठेवून माझ्याकडे वळल्या. मी सगळं सांगून टाकलं. गोळी सुरू. लोण्याच्या बिस्किटांवर चष्मेवाली. मी खोक्यांत.

घरी येताना बायकोने वाटेत थांबून पाव आणि लोणी घेतलं. मग म्हणाली, खाल्लंत त्याचं मला काही नाही. माणूस आहात, मोह होतो. पण त्या बाई मला बोलत होत्या, तेव्हा तर तुमचं तोंड रिकामं होतं ना?

लाज वाटते.

आता ती स्वयंपाकघरात स्वतःसाठी पाव भाजतेय. माझं मी उकडून घ्यायचं, असं सांगितलंय. कोबी आधी चिरायचा की आधी उकडायचा, हे विचारायला दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो.