विचारलेलं राहतं

मुरुड, जि. कुलाबा
३ नोव्हेंबर १९६१

चि. रतन हिस आशीर्वाद, थोडे रागातले.

काल शाळेत नवे हेडमास्तर रावजी गुरुजी यांनी तुझा स्मरणशक्तीवरचा लेख वाचून दाखवला. वर्गाकडून एका सुरात घोकून घेणं म्हणजे वेळ फुकट, असं तू छापलंस! ज्या शाळेत मी जन्मभर घोकून घेतलं तिथेच, मला पहिल्या खुर्चीवर बसवून! मी कॉन्व्हेंटात मदरच्या छडीखाली असंच शिकले आणि शहाणी झाले, अशी आपली माझी समजूत.

मार्चला तुझी मुंबईची नेमणूक संपली की इथल्याच मुलांवर प्रयोग करायचे, असं तू कबूल केलं आहेस. मागची खोली सारवून घेतली आहे. ये, समोरासमोर भांडू.

नीराआत्या

मुंबई
१२ नोव्हेंबर

ती. आत्यास रतनचा शि. सा. न.

रागावलीस म्हणजे प्रकृती ठीक आहे. पण वर्गात घोकलेलं मी सगळं विसरले गं. तू विहिरीवर रहाट ओढताना मध्येच थांबून मागच्या आठवड्यातला धडा विचारायचीस आणि उत्तर आल्याशिवाय कळशी भरू द्यायची नाहीस, ते राहिलं. थोडे दिवस जाऊ द्यावेत, पुस्तक मिटावं आणि विचारावं. इतकी वर्षं मुलांवर मी एवढंच तपासतेय. लेख तुझाच, नाव माझं.

आता वाईट बातमी. संस्था मला दोन वर्षं विलायतेला पाठवते आहे. मी हो म्हटलं. मुरुडला येणं होत नाही. शिव्या दे, पण पत्रं थांबवू नकोस.

तुझी रतन

मुरुड
२० नोव्हेंबर

चि. रतन हिस आशीर्वाद.

जा. मी म्हातारी झाले आहे, मूर्ख नाही. लोकरीचं काही बरोबर ने. खोली एस.टी.च्या कंडक्टरला देते आहे. तो घोरतो म्हणतात. घरात आवाज तरी होईल.

तुझं पत्र घेऊन शाळेत गेले. आठवड्यातून एकदा येऊन मुलांना विचारत जाईन, असं गुरुजींना सांगितलं. आता त्यासाठी ट्रेनिंग झालेले शिक्षक आहेत, म्हणाले.

तुझं शास्त्र खरं असेल, रतन. मग माझं काय? गोदू मासळी घेऊन येते, जेवलाव का विचारते आणि उत्तराआधी पुढच्या दारी जाते. एवढीच माझी परीक्षा. जन्मभर शिकवलेल्या भूगोलातल्या गोदावरीच्या उपनद्या परवा मला आठवेनात.

तेव्हा तिकडून दर पत्रात मला एक प्रश्न विचार. सोपा नको. आणि माझं उत्तर यायला उशीर झाला, तरी तू सांगून टाकू नकोस.

वाट पाहणारी,
नीराआत्या